म्हादईच्या हिशोबात झाडांचं पाणी

गोव्यातल्या नदीच्या पाण्याचं संगणकावर मॉडेल बसवणं पहिल्या नजरेला सोपं वाटतं. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त, आणि यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी एवढ्या थोड्या दिवसांत कोसळलं की ते नदीत उतरणारच. मॉडेलने जुलै-ऑगस्टचे पूर तेवढे नीट पकडले की मोजलेला प्रवाह आणि काढलेला प्रवाह यांचे आलेख एकमेकांवर बसतात. मॉडेलची परीक्षा घेण्यासाठी १९७० पासून वापरात असलेला नॅश-सटक्लिफ गुणांकही छान येतो. म्हादईच्या गांजे गावापर्यंतच्या खोऱ्यावर मी काम हाती घेतलं तेव्हा असं छान गुणांकाचं मॉडेल तयार होतं. पण फेब्रुवारी ते मे या महिन्यांचा आलेख मोठा करून पाहिला की चित्र वेगळं दिसायचं. मॉडेलमधल्या नदीत एप्रिलमध्ये खऱ्या नदीपेक्षा सतत जास्त पाणी होतं. पावसाळ्यातल्या लोंढ्यापुढे हा फरक इतका किरकोळ असतो की गुणांकाला तो जाणवतही नाही.

गोव्यात मात्र हाच फरक महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात नदीत किती पाणी आहे याची चौकशी पुरापुरतीच होते. पाऊस सरला की बंधाऱ्यांना फळ्या घालतात, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाकडे फोंड्यापासून पणजीपर्यंतच्या लोकांचे डोळे लागतात, वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी हवं असतं, कुळागरांचे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांचे, पाट चालू राहायला हवे असतात, आणि सत्तरीत नदीच्या पात्रालगत जिथे अजून पुरण शेती होते तिथे तर नदी हीच विहीर. शिवाय म्हादई ही तीन राज्यांची नदी आहे. २०३२ चौरस किलोमीटरच्या खोऱ्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, त्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. या आकड्यांशेजारी एक साधा गुणाकार मांडून बघावा. खोऱ्यातल्या झाडाझुडपांनी आणि जमिनीने हवेत सोडलेल्या पाण्याचा अंदाज वर्षाला १०० मिलिमीटरने चुकला, तर २०३२ चौरस किलोमीटरवर ते पाणी होतं २० कोटी घनमीटरांहून जास्त, म्हणजे ७ टीएमसीच्या वर. १०० मिलिमीटरची चूक या कामात काही फार मोठी समजली जात नाही. मला मात्र हा गुणाकार केल्यापासून तसं म्हणणं जड जातं.

जमिनीतून, पाण्यातून उडून जाणारं आणि झाडांच्या पानांतून जाणारं पाणी मिळून आम्ही ज्याला ईटी म्हणतो, ते मॉडेलमध्ये उरलेल्या शिलकीसारखं वागतं. पाऊस मोजलेला असतो. नदीचा प्रवाह केंद्रीय जल आयोगाच्या गांजे इथल्या केंद्रावर मोजलेला असतो. मधलं बाकी सगळं, मातीत मुरलेलं, खोल गेलेलं, झाडांनी प्यालेलं, मॉडेलने आपापसात वाटायचं असतं. स्वाट नावाचं जे मॉडेल आम्ही वापरतो (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन विभागाने बनवलेलं, जगभर चालतं) त्यात या वाटपाचे डझनावारी स्क्रू आहेत. टोकाला प्रवाह जुळला म्हणजे झालं, एवढीच अट ठेवली तर ते स्क्रू अनेक तऱ्हांनी फिरवून तेच उत्तर आणता येतं. त्यातली कुठली तऱ्हा खऱ्या खोऱ्याची, हे नदीच्या टोकावर उभं राहून कळत नाही.

आमच्या सरांनी तेव्हा भीमेचं उदाहरण पुढे ठेवलं. इमरझील आणि ड्रूगर्स या दोन संशोधकांनी भीमेच्या वरच्या खोऱ्यात स्वाट बसवताना नदीच्या प्रवाहाऐवजी उपग्रहावरून काढलेल्या ईटीचा आधार घेतला होता. ते काम २००८ साली प्रसिद्ध झालं. भीमेत धरणं आणि कालवे इतके की नदीचा मोजलेला प्रवाह मॉडेलला फारसं शिकवत नाही, म्हणून त्यांनी खोऱ्याच्या आतलंच माप घेतलं. "आपल्याकडे अडचण वेगळी आहे," सर म्हणाले. "पावसाळा सगळं झाकून टाकतो. पण उपाय तोच करून बघ. साक्षीदार दोन असू देत."

उपग्रहाला वाफ दिसत नाही, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. त्याला दिसतो जमिनीचा परावर्तित उजेड, हिरवेपणा आणि तापमान. एक चौरस मीटरवरून १ मिलिमीटर पाणी उडवायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेतली जमीन तापवण्यात किती गेली आणि हवा तापवण्यात किती गेली हे काढता आलं, तर उरलेली ऊर्जा पाणी उडवण्यात गेली असं धरता येतं. जिथे पाणी उडतं तिथली जमीन गार राहते. मार्च महिन्यातलं लँडसॅट उपग्रहाचं औष्णिक चित्र मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा सत्तरीतली कुळागरं शोधायला नकाशा लागला नाही. ओहोळांच्या कडेने गार पट्टे होते, काजूच्या उतारांवर मधलं तापमान, आणि वरचे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, भट्टीसारखे तापलेले. लहानपणापासून पायांना ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावर अंशांमध्ये उमटलेली पाहिली आणि या पद्धतीवर माझा जीव बसला तो तेव्हाच.

पण लँडसॅट एकाच जागेवर सोळा दिवसांनी येतो. ८ आणि ९ क्रमांकाचे दोन उपग्रह मिळून आठ दिवसांनी, तोही ढग नसतील तर. वर्षानुवर्षांची सलग मालिका हवी म्हणून मी सुरुवात मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या संवेदकाच्या एमओडी१६ या तयार ईटीपासून केली. आठ दिवसांची बेरीज, ५०० मीटरचा पिक्सेल. गोवा ज्या तुकड्यात येतो त्याचं नाव एच२५व्ही०७. इथे या वाटेने जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते, कारण त्या कुणी बसवून शिकवत नाही. फाइलमधला आकडा ०.१ ने गुणायचा असतो. ३२७६१ ते ३२७६७ हे आकडे ईटीचे नसतात, ते खुणा असतात: इथे पाणी आहे, इथे वस्ती आहे, इथे कायमची पाणथळ आहे, म्हणून मोजलेलं नाही. त्या आधी बाजूला काढल्या नाहीत तर एखादा पिक्सेल आठ दिवसांत ३२७६ मिलिमीटर पाणी उडवताना दिसेल, जवळजवळ गोव्याचा वर्षभराचा पाऊस. आणि वर्षाची शेवटची बेरीज आठ दिवसांची नसून पाच किंवा सहा दिवसांची असते. डिसेंबरच्या अखेरीस जंगल एकाएकी सुकल्यासारखं दिसलं तर कारण तिथे शोधावं.

याच खुणांमुळे आणखी एक गोष्ट कळली. किनाऱ्याकडे गेलं की पाणथळीच्या आणि खारफुटीच्या पट्ट्यांत, चोडण-दिवाडीच्या आसपास, एमओडी१६ मध्ये बरीच भोकं पडतात. म्हादई खाली मांडवी म्हणून ओळखली जाते. त्या मांडवीकाठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, हा गोव्याच्या पाण्याचा इतका मोठा भाग, आणि तयार ईटीत तो पुरेसा नाही. मी गांजेच्या वरच काम करत असल्यामुळे मला तिथे अडलं नाही. पण मांडवीचं पूर्ण खोरं घेऊन कुणी सरासरी काढली तर ती कशाची सरासरी आहे, हे आधी तपासलंच पाहिजे.

मग प्रश्न आला कुठल्या ईटीवर विश्वास ठेवायचा. एमओडी१६ मध्ये पानांची माहिती ५०० मीटरची असली तरी त्यात घातलेलं हवामान नासाच्या जागतिक पुनर्विश्लेषणातून, म्हणजे नोंदी आणि हवामानाचं मॉडेल मिळून बनवलेल्या मालिकेतून, येतं. त्याचा एक चौकोन साधारण अर्ध्या अंशाचा. आपल्या अक्षांशावर तसल्या एका चौकोनाचं क्षेत्रफळ जवळजवळ अख्ख्या गोव्याएवढं भरतं. त्यात पणजीची समुद्री हवा आणि चोर्ला घाटातली हवा एकमेकींत मिसळून जाते. शिवाय ही पद्धत पानांची तोंडं, म्हणजे त्यांवरची सूक्ष्म छिद्रं, किती मिटली हे हवेच्या कोरडेपणावरून ठरवते. किनाऱ्याजवळ हवा मार्चमध्येही दमट असते, त्यामुळे खालची माती सुकली तरी पद्धतीला ते पुरेसं उमगत नाही. दुसरीकडे जमिनीच्या तापमानावर चालणारी एसएसईबॉप ही पद्धत कोरड्या मातीला लगेच ओळखते, पण डोंगरउतारांवर, जिथे एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत, तिथे तिचा गोंधळ होतो. तिसरी ग्लीम. तिच्या पाव अंशाच्या जुन्या आवृत्तीत सारा गोवा पाचेक चौकोनांत संपतो. तिन्हींची वार्षिक बेरीज एकमेकींशी जुळली नाही. जुळेल अशी अपेक्षाही नव्हती.

पावसाळ्यात तर सगळ्याच जवळपास आंधळ्या. जून ते सप्टेंबर लँडसॅटचं स्वच्छ चित्र सत्तरीवर मिळणं म्हणजे नशीब, आणि मोडिसची मालिकाही त्या काळात बरीचशी भरून काढलेली असते. पण इथे गोव्याचं हवामान थोडं मदतीला येतं. पावसाळ्यात माती ओलीच असते, पाण्याची कमतरता नसते, ईटी ठरतं ते ढगांतून खाली आलेल्या उन्हावर. हे हवामानाच्या नोंदींवरून ईटी काढणाऱ्या पेनमन-मॉन्टीथच्या सूत्राने बऱ्यापैकी काढता येतं. उपग्रहाची खरी गरज लागते ती आकाश निरभ्र असतं तेव्हा, नोव्हेंबर ते मे. म्हणून आम्ही ठरवलं: पावसाळ्यातल्या उपग्रहाच्या आकड्यांना कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेलचे स्क्रू मोजलेल्या आकड्यांशी जुळवताना, वजन द्यायचं नाही, आणि उन्हाळ्यातही थेट मिलिमीटर जुळवायचे नाहीत. कुठे जास्त, कुठे कमी, आणि कुठल्या महिन्यात चढतं, कुठल्या महिन्यात उतरतं, एवढंच मॉडेलला विचारायचं. ज्या बाबतीत तिन्ही पद्धती एकच सांगतात, तिथेच ठाम राहायचं.

एका बाबतीत त्या एकच सांगत होत्या. मॉडेलमधलं जंगल जानेवारीतच पाणी प्यायचं थांबत होतं. उपग्रहाच्या तिन्ही मालिकांत म्हादई अभयारण्याकडचं जंगल फेब्रुवारी-मार्चमध्ये मंदावत होतं, पण थांबत नव्हतं, आणि एप्रिल-मेमध्ये एकही सर पडण्याआधी पुन्हा चढत होतं.

कारणं शोधायला मॉडेलच्या पोटात शिरावं लागलं. जागतिक माती-नकाशातून घेतलेली आमची मातीची खोली जेमतेम एक मीटर. मॉडेलमधल्या झाडांची मुळं त्याच्याखाली जात नाहीत, म्हणून त्या एका मीटरचं पाणी संपलं की झाडं उपाशी. जांभ्याच्या जमिनीत, फटींतून, पोकळ्यांतून खरी मुळं किती खोल जातात हे रस्त्यासाठी कापलेल्या कुठल्याही दरडीत बघता येतं. मातीखालच्या उथळ भूजलातून झाडांना पाणी देण्याची सोय स्वाटमध्ये आहे, तिला रीव्हॅप म्हणतात, पण मूळ मांडणीत तो गुणांक ०.०२ या तळाच्या किमतीवर ठेवलेला असतो, म्हणजे दार जवळजवळ बंद. पानांवर अडकून तिथूनच उडून जाणाऱ्या पावसासाठीचा कॅनमॅक्स हा आकडा मुळात शून्य असतो. घाटातल्या दाट झाडीखाली उभं राहून पावसाची सर अनुभवलेल्या कुणालाही शून्य हे उत्तर पटणार नाही. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट पानांची. स्वाटचं झाडांचं चक्र समशीतोष्ण देशांच्या अनुभवावर बेतलेलं आहे. उष्ण कटिबंधात, आपल्या १५ अंशांवर, ते उष्णतेच्या हिशोबाने जानेवारीपासून नव्याने सुरू होतं. आपल्याकडे जानेवारीनंतर माट्टी आणि किंदळ पानं झाडायला लागतात. म्हणजे मॉडेलमधलं जंगल पालवत होतं तेव्हा खरं जंगल उघडं पडत होतं. आफ्रिकेतल्या मारा नदीच्या खोऱ्यासाठी २०१७ साली आलेल्या सुधारित आवृत्तीत हे चक्र मातीतल्या ओलाव्याशी बांधलं आहे. ते पुष्कळ बरं. पण आपली कित्येक झाडं ओलावा यायच्या आधीच, ऐन वैशाखात पालवतात, ते त्यातही पुरतं बसत नाही. मी शेवटी मोडिसच्या पानांच्या मालिकेवरून महिन्यांची वेळापत्रकं बसवली.

हे सगळं पडद्यावर चाललेलं असताना एका गोष्टीने माझी खात्री पटवली, आणि ती उपग्रहातून आली नाही. नगरगावच्या बाजूला माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, झाडांवर चढवलेली मिरी, आणि वरच्या डोंगरातून येणाऱ्या झरीचं पाणी पाटाने फिरवलेलं. घरातले वडीलधारे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गेली कित्येक वर्षं हे पाणी सोडणं-बांधणं स्वतः बघतात. मी त्यांना मुळांचा प्रश्न विचारला.

"तुला झाडं पाणी पितात ते बघायचंय ना?" नाना म्हणाले. "मग सकाळी सहाला ये गो. झर तेव्हा भरलेली असते. दुपारी दोन-तीनला बारीक होते. रात्री परत भरते."

"उन्हाने आटत असेल, नाना."

"ऊन कुठे पोचतं तिथे? वर सगळी झाडीच आहे. झाडं पितात. रात्री पीत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "माघात पानं झडली की पावसाचा थेंब नसताना झर दोन बोटं चढते. चैत्रात पालवी फुटली की उतरते. आमचे आजोबा पाटाच्या पाळ्या त्यावर लावायचे."

दुपारी प्रवाह उतरणं आणि पहाटे चढणं, ही झाडांच्या पिण्याची खूण जगभरच्या लहान ओढ्यांत टिपलेली आहे. पण इथे ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामकाजात मुरलेली होती. मी पाटाच्या तोंडाशी मोजपट्टी लावली आणि नानांच्या नातवाने दिवसातून तीन वेळा आकडे लिहून ठेवले. दुपारचा उतार अगदी स्पष्ट आला. याचा अर्थ सरळ होता: झरीला पाणी देणारा भूजलाचा साठा आणि झाडांची मुळं यांची गाठ पडलेली आहे. रीव्हॅपचं दार उघडायला मला आता गणिताबाहेरचं कारण मिळालं होतं. ते नसतं तर आलेख जुळवण्यासाठी आणखी एक स्क्रू फिरवल्यासारखं झालं असतं, आणि तसं करायला माझं मन धजत नव्हतं.

कॅलिब्रेशनचा क्रम आम्ही बदलला. आधी ईटीशी संबंधित आकडे: मातीची पाणी धरण्याची शक्ती, वरच्या थरातून उडण्याचं प्रमाण ठरवणारा एस्को, कॅनमॅक्स, रीव्हॅप, पानांचं वेळापत्रक. हे उपग्रहाच्या चढ-उताराशी आणि जागेजागेच्या फरकाशी ताडून बसवायचे. ते बसल्यावर त्यांना हात न लावता प्रवाहाचे आकडे: किती पाऊस न मुरता वाहून जातो हे ठरवणारा वक्रांक, भूजलाचा उतार, त्याचा उशीर. आणि प्रवाहाची परीक्षा दोनदा, एकदा नेहमीच्या नॅश-सटक्लिफने, एकदा प्रवाहाचा लॉगॅरिदम घेऊन, म्हणजे उन्हाळ्यातल्या बारीक नदीलाही बोलायची संधी मिळते. स्वाट-कप हे जुळवणीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून सकाळी निकाल बघायचा, असे कित्येक आठवडे गेले.

उन्हाळ्याची नदी जागेवर आली. झाडांनी आपलं पाणी घेतल्यावर एप्रिलचा प्रवाह खाली बसला, नोव्हेंबरपासूनचा उतार खऱ्या उताराशी समांतर झाला. पण वार्षिक हिशोब फिसकटला. आता वर्षभरात मॉडेलच्या नदीतून वाहिलेलं पाणी गांजेला मोजलेल्या पाण्यापेक्षा कमी पडू लागलं.

या टप्प्यावर पुष्कळ जण ईटी पुन्हा खाली ओढतात. मोह मोठा असतो, कारण एक-दोन आकडे बदलले की आलेख परत सुंदर होतो. सरांनी त्याऐवजी कागदावर साधी बेरीज मांडायला लावली. गांजेला मोजलेला वार्षिक प्रवाह, अधिक तिन्ही पद्धतींतलं सगळ्यात कमी ईटी. ही बेरीज मॉडेलला दिलेल्या पावसापेक्षा जास्त भरली. सगळ्यात कमी घेऊनसुद्धा जास्त. आकाशातून पडलं त्याहून अधिक पाणी खोऱ्यातून बाहेर जात होतं, तेही एखाद्या वर्षी नव्हे, मालिकेतल्या बहुतेक वर्षी. मॉडेलमध्ये झाडं उपाशी का राहत होती त्याचं उत्तर इथे होतं. पाऊसच कमी दिलेला होता. नदीचं पाणी पुरं करण्यासाठी कॅलिब्रेशनने झाडांच्या तोंडचं पाणी काढून घेतलं होतं.

पाऊस कमी का, हे घाटाकडे बघून समजतं. हवामान खात्याचा ग्रिड-पाऊस पाव अंशाचा, म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन. सह्याद्रीत एवढ्या अंतरात समुद्रसपाटीजवळच्या गावापासून हजारेक मीटर उंचीच्या कड्यापर्यंत सगळं येतं आणि पावसाचं मान काही किलोमीटरांवर बदलतं. वाळपईचं पर्जन्यमापक केंद्र चांगलं आहे, पण ते पायथ्याला. कळसा-भंडुरा हे म्हादईचे ओहोळ ज्या भागातून येतात तो खानापूर तालुक्यातला पट्टा, कणकुंबी, आमगाव, इथला पाऊस पायथ्याच्या मापावरून ओळखता येत नाही, आणि चौकोनाच्या सरासरीत तो पातळ होऊन जातो. नदीचं बरंचसं पाणी तिथून येतं.

स्वाटमध्ये उपखोऱ्याचे उंचीप्रमाणे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला उंचीनुसार वाढता पाऊस देता येतो. घाटावरच्या ज्या केंद्रांच्या नोंदी मिळाल्या त्यांवरून वाढीचा दर काढला, कड्याच्या पलीकडे पाऊस झपाट्याने कमी होतो म्हणून पूर्वेकडच्या उपखोऱ्यांना वेगळा दर लावला, आणि सगळं पुन्हा चालवलं. या वेळी वर्षाचा प्रवाह, उन्हाळ्याचा प्रवाह आणि झाडांचं पाणी, तिन्ही एकाच मांडणीत बसले. नॅश-सटक्लिफचा आकडा आधीच्याहून फारसा हलला नाही. तो मुळातच चांगला होता. बदललं ते आतलं वाटप.

मला यातून जे मिळालं ते हे, आणि ते मी ठासून सांगेन. उपग्रहाचं ईटी अचूक आहे म्हणून उपयोगी पडलं असं नाही. ते पुरेसं स्वतंत्र होतं म्हणून उपयोगी पडलं. पाऊस मोजणाऱ्या माणसाशी, नदी मोजणाऱ्या माणसाशी त्याचा फारसा संबंध नाही. तिघांच्या सांगण्यात मेळ बसेना तेव्हा खोट कुठे आहे ते शोधावं लागलं, आणि ती सापडली पावसात, जिथे आम्ही बघतही नव्हतो.

हे काम जिथे मांडते तिथे एक प्रश्न हमखास येतो. झाडं एवढं पाणी पितात, तर जंगल कमी केल्यास नदीला उन्हाळ्यात पाणी वाढेल का? नानांच्या झरीची दोन बोटं ऐकल्यावर तर हा प्रश्न जास्तच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. झरीत जे पाणी आहे ते पावसाळ्यात त्या जंगलाखालच्या जमिनीत मुरलेलं आहे. पालापाचोळ्याचा थर, मुळांनी पाडलेल्या वाटा, गांडुळांनी पोखरलेली माती, यांच्यामुळे जुलैतली धुवाधार सर जिरते. तीच सर उघड्या सड्यावर किंवा खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर पडली तर लाल होऊन थेट नदीत जाते. झाडांनी घेतलेलं पाणी आपल्याला मोजता येऊ लागलं म्हणून ते वाया गेलेलं पाणी ठरत नाही. माझ्या मॉडेलच्या आधारे कुणी जंगलतोडीचं समर्थन करू लागला तर मी त्याच्यापुढे आधी पावसाळ्यात मुरणाऱ्या पाण्याचा तक्ता ठेवीन, कारण मॉडेलमध्ये जंगलाचा वक्रांक बदलला की झरीचं पाणी मुळातूनच कमी होतं.

गांजेच्या खाली मी अजून उतरलेले नाही. तिथून पुढे भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो आणि प्रवाहाचं साधं मोजमाप उपयोगाचं राहत नाही. डिचोली-सत्तरीतल्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आहेत, त्यांवरून उडणाऱ्या पाण्याची नोंद एमओडी१६ मध्ये येत नाही. खाजनांसाठी लँडसॅटवरून वेगळं ईटी काढावं लागेल आणि त्यात थंड पिक्सेल (पाणी भरपूर उडणारी जागा) म्हणून उभ्या पिकाचं वायंगण आणि गरम पिक्सेल (पाणी जवळजवळ न उडणारी जागा) म्हणून कापणी झालेलं कोरडं शेत निवडता येईल, असं वाटतं. खारफुटी तिथेही अवघडच. सध्या कुळागरांच्या पट्ट्यांवर लँडसॅटचं काम चालू आहे, कारण मोडिसच्या एका पिक्सेलमध्ये २५ हेक्टर येतात आणि त्यात नानांचं कुळागर, शेजारचा काजू आणि वरचा सडा एकच आकडा होऊन बसतात. पाटाच्या तोंडाशी मोजपट्टीच्या जागी आता तासातासाला पातळी नोंदवणारं यंत्र बसवलं आहे. घाटावर, अभयारण्याच्या हद्दीजवळ, दोन पर्जन्यमापक लावायची परवानगी मागितली आहे. ती मृगाच्या आधी मिळाली तर यंदाच्या पावसाची नोंद पहिल्या दिवसापासून हाती येईल.